हैबतीचं तोंड आलं

पालीच्या वर, राजगडाच्या कुशीत धनगरांची चार-सहा घरं होती. त्यातल्या हैबतीचं तोंड आलं, तेव्हा सगळ्या वाडीला सुटल्यासारखं वाटलं. हैबती माणूस वाईट नव्हता. मेंढरांवर जीव टाकायचा, अडल्यानडल्याला धावून जायचा. पण जिभेला बांध नव्हता. थोरल्या लेकाला, भीमाला, चांगल्या झुपकेदार मिशा आल्या, तरी त्याचं लग्न जमत नव्हतं ते बापापायीच. घर बघायला आलेल्या एका मुलीच्या चुलत्याला हैबतीनं तोंडावर सांगितलं होतं, की तुमची मेंढरं रोडकी आणि तुम्ही लठ्ठ, म्हणजे चारा कोण खातं ते कळलं. दुसऱ्या पाहुण्याचं घोंगडं चाचपून, हे मेंढीचं आहे की गाढवाचं, असं विचारलं होतं.

आता भाटघर धरणाच्या वरच्या अंगाचा रायबा आपल्या लेकीसाठी घर बघायला येणार होता, आणि नेमके हैबतीच्या गालात आणि जिभेच्या कडेला पांढरे फोड उठले होते. भाकरीचा तुकडा लागला तरी डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी त्याची बायको सोजराबाई त्याला भोरला वैद्यांकडे घेऊन गेली.

वैद्यांनी त्याला उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि खाण्यात काय असतं ते विचारलं. भाकरी आणि ठेचा, हैबती कण्हत म्हणाला. दूध बाजारात जातं. पालेभाजी शेळ्या खातात. वैद्य हसले. तंबाखूचा बार तो कायम एकाच गालात धरायचा, तिथंच चुन्यानं आतलं कातडं भाजलं होतं. वर एका तुटक्या दाढेची धार जिभेला घासत होती. पोटही साफ नव्हतं. वैद्यांनी बारीक कानशीनं ती धार बोथट केली, चावायला जाईची पानं दिली आणि थुंकायला त्याला परसात पाठवलं.

तेवढ्यात त्यांनी सोजराबाईला पथ्य सांगितलं. तंबाखू, चुना, ठेचा बंद. कोमट मिठाच्या पाण्यानं वरचेवर चूळ भरायची, फोडांना तूप लावायचं, रात्री त्रिफळा घ्यायचा. जेवणात दूधभात, ताक आणि शिजवलेली पालेभाजी. आठ-दहा दिवसांत बरं वाटेल. पण तीन आठवड्यांनीही एखादा फोड तसाच राहिला तर घरी बसू नका, दाखवायला या. आणि बरं झाल्यावर पुन्हा चुन्याच्या नादी लागला तर पुन्हा तोंड येणारच.

परतीच्या वाटेवर सोजराबाईनं हैबतीला सगळं जसंच्या तसं सांगितलं. शेवटी पदर सावरत एक जास्तीचं सांगितलं.

"आनि बोलायचं न्हाई म्हनले. आवसंपत्तुर एक सबूद न्हाई. जीभ हलली की फोड पुन्ना उठतो."

रायबा अमावास्येच्या आधी येणार होता, हे काही हैबतीच्या ध्यानात आलं नाही.

फोड आठवड्यात मावळले. हैबतीला बोलावंसं वाटे. तोंड उघडलं की सोजराबाई अशी काळजीनं बघायची, की तो ते मिटून घ्यायचा. मेंढरांनासुद्धा तो शिट्टीनंच हाकू लागला.

रायबा आला. तो स्वतःच बोलघेवडा निघाला, आणि त्याच्या घरात त्याचं कुणी ऐकत नसावं. घोंगडीवर टेकल्यापासून तो आपला गुडघा, भावाची भांडणं, धरणाच्या पाण्याखाली गेलेली कुरणं, सगळं सांगत सुटला. हैबती मान डोलवत राहिला. मग रायबानं मेंढरांच्या वाड्याकडं बघून म्हटलं, की मेंढ्यांची पैदास काही खास दिसत नाही. हैबतीच्या मानेची शीर फुगली. सोजराबाईनं ताकाचा तांब्या पुढं केला. हैबतीनं तो एका दमात रिकामा केला.

उठायच्या आधी रायबानं भीमाच्या पाठीवर हात ठेवला. "तुजा बा लई इचारी मानूस हाय. असं घर सोडायचं नसतं." त्याच बैठकीत सुपारी फुटली.

दोन दिवसांनी हैबती तोंड दाखवायला एकटाच भोरला गेला. गालातलं कातडं गुलाबी झालेलं बघून वैद्य खूश झाले. आता बोलू का, असं हैबतीनं खुणेनं विचारलं. वैद्यांना काही कळेना. बोलायला त्याला कुणी बंदी केली होती?

परतताना हैबती पहिल्या खिंडीपर्यंत संतापलेला होता. पुढं त्याला हसू फुटलं. पण घरी आल्यावर तो बोलला नाही. रानात भीमाशी मनसोक्त बोलायचा, आणि सोजराबाईसमोर मात्र तोंडाकडं बोट दाखवायचा. अमावास्या गेली तरी तेच. आधी तिला मजा वाटली. मग चुलीपाशी बसल्यावर वाडीतल्या माणसांची नक्कल करून हसवणारं कुणी नाही, हे तिला जाणवू लागलं. तिनं विनवलं, रागावली, रुसली. एका संध्याकाळी दूधभात वाढता वाढता ती थांबली.

"वैद्य तसं बोललेच न्हाईत. म्या रचलं. आता तरी बोला."

हैबतीनं घास गिळला. "मला म्हाईत हाय. तुजा दम किती ते बघत हुतो."

सोजराबाईनं दूधभाताचं ताट उचललं आणि त्याच्यापुढं भाकरी आणि ठेचा आणून ठेवला. हैबतीनं ठेच्याकडं बघितलं, आणि फार गोड आवाजात ताट परत मागितलं.

लग्नाच्या दिवशी हैबती सकाळपासून बोलत होता. रायबा थोडा वेळ चकित होऊन ऐकत राहिला, मग त्यानंही आपलं सुरू केलं. मांडवाच्या कोपऱ्यात दोघे व्याही एकाच वेळी बोलत बसले होते, आणि दोघांचंही अगदी छान चाललं होतं.