ताईंचा भाऊ

मी लोकांना गाडी शिकवते. म्हणजे दिवसभर दुसऱ्याच्या शेजारी बसून ओरडते. आरसा बघा, क्लच सोडा, अहो, सोडा म्हणजे हळू सोडा! माझ्या पायाशी वेगळा ब्रेक असतो, म्हणून आजवर जिवंत आहे. घरी मात्र ओरडायलाही कुणी नाही. नवरा जाऊन सात वर्षं झाली, मूलबाळ नाही. उरल्या त्या एकट्या नणंदबाई, त्याच्या थोरल्या बहीण. दर रविवारी जेवायला येतात, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात आणि दोनदा वाढून घेतात. त्या एका जेवणावर माझा आठवडा निघतो, खोटं कशाला बोलू.

तर दवाखान्यातून बोलावणं आलं. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी केली होती, त्यात विषाणू सापडला होता आणि काही पेशी बिघडलेल्या दिसत होत्या. डॉक्टर वयाने मला लेक शोभेल एवढी, पण बोलली शहाण्यासारखी. कॅन्सर नाही, म्हणाली, पण तसंच राहू दिलं तर पुढे होऊ शकतो. जागा बधिर करून तेवढा भाग काढून टाकू, त्याच दिवशी घरी.

"पण हा आला कुठून?" मी विचारलं. "सात वर्षं मी एकटी झोपतेय."

"शरीरसंबंधातून येतो. बहुतेकांना कधी ना कधी होतोच, आणि बहुतेकांचा आपोआप जातो. काही जणींच्यात मात्र वर्षानुवर्षं गपचूप बसून राहतो. कुणाकडून आला, कधी आला, हे कुणीच सांगू शकत नाही." मग म्हणाली, "त्या दिवशी गाडी चालवायची नाही हं. सोबत कुणाला तरी घेऊन या."

कुणाला तरी! जशी काही माझ्या दारात रांग लागलीय. रविवारी ताई जेवायला बसल्यावर मी सगळं सांगितलं, डॉक्टरच्याच शब्दांत, आणि म्हटलं, याल का हो सोबत?

ताईंचा घास हातातच राहिला. "म्हणजे माझ्या भावाने दिला म्हणतेस?"

"मी काहीच म्हणत नाही. कुणाला कळत नाही ते."

"मला कळतं ना. कडेवर खेळवलंय मी त्याला. तो तसला नव्हता." मग मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "तूच दिवसभर परक्या पुरुषांच्या शेजारी बसतेस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "शेजारी बसून होत असतं, तर बसमधली निम्मी माणसं आजारी पडली असती, ताई!"

त्या ताटावरून उठल्या. हात धुतला, चपला घातल्या, जाते असंही म्हणाल्या नाहीत. पुढच्या रविवारी मी दोघींचा स्वयंपाक केला आणि सोमवारी एकटीने शिळं खाल्लं. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. रडले का? रडले. फोन केले, ते त्यांनी उचलले नाहीत.

शेवटी सोबतीची सोय मी धंद्यातूनच केली. माझा सगळ्यात ढ विद्यार्थी म्हणजे कोपऱ्यावरचा बेकरीवाला. त्याला सांगितलं, आजचा धडा दवाखान्याच्या गेटपासून सुरू. नर्सने विचारलं, सोबत कोण? मी म्हटलं, बसलेत खाली गाडीत. खोटं थोडंच होतं?

आत पडल्या पडल्या समोरच्या भिंतीवरची सूचना वाचत होते, दुसरं करणार काय. पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर थांबू नका, लगेच दाखवा. आणि मला ताई आठवल्या. दोनेक महिन्यांपूर्वी ताईंनी माझ्या न्हाणीघराच्या दारातून हळूच पॅड मागितलं होतं. साठीच्या बाईला पॅड कशाला, मी विचारलंही होतं. उष्णता झाली असेल, म्हणाल्या, आणि मीही विषय सोडून दिला.

बाहेर येऊन बेकरीवाल्याच्या शेजारी बसले आणि ताईंना निरोप धाडला: तुमच्या भावाची माफी मागायची आहे. घरी पोचेपर्यंत थांबले असते, तर माझाच ताठा आडवा आला असता. गाडी दोन गचके खाऊन रस्त्याला लागली, तोच फोन वाजला.

"बोल," ताई म्हणाल्या.

"तुमचं बरोबर होतं. त्याचा काही संबंध नाही. माझंच काहीतरी असेल."

बेकरीवाल्याचे कान लालभडक झाले. "पुढे बघा!" मी त्याच्यावर ओरडले.

"मी म्हटलंच होतं," ताई म्हणाल्या. केवढं सुख होतं त्या आवाजात! आमचा तेवीस वर्षांचा संसार. त्याने मला कधी संशयाला जागा दिली नाही, मी त्याला दिली नाही, आणि आज मीच त्यावर चिखल उडवला होता. जीव नुसता तुटत होता. पण निदान ताई ऐकत तरी होत्या.

"आता माझं एक ऐका. ते रक्त अजून जातं का?"

ताईंनी आधी घसा खाकरला. मग, "मधूनमधून."

"उद्याच दाखवायला जायचं."

"मला कशाला होतंय ते? मी काय..." वाक्य त्यांनी अर्ध्यावर सोडलं. तुझ्यासारखी आहे का, असं म्हणायचं होतं त्यांना. म्हणू दे.

"असेल किंवा नसेल. दुसरंही काही असू शकतं. पण दाखवायचं."

"एकटीने?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "मला फार भीती वाटते गं."

सिग्नलला बेकरीवाल्याने गाडी बंद पाडली. मागून हॉर्नचा गोंगाट सुरू झाला. माझ्या ओटीपोटात कळ येत होती, ओरडायचंही सुचलं नाही.

"मी येते ना," मी म्हटलं.

"ये." ताई जरा घुटमळल्या. "पण तिथे कुणाला सांगू नकोस हं, तू माझ्या भावाची बायको आहेस म्हणून."

"नाही सांगत," मी म्हटलं.