अकरावर अडलेली नदी

मी कपाटाच्या पायाखालची केबल बोलतेय. आता पायाखाली नाही म्हणा, पण सहा वर्षं तिथे काढली, त्यामुळे ओळख तीच सांगते.

जन्म कारखान्यातला, पण मला कामाची केली ती एका वायरमनने, याच घराच्या पुढच्या खोलीत, जमिनीवर मांडी घालून. त्याने माझं टोक सोललं. आत वेणीसारखा पीळ घातलेल्या चार जोड्या होत्या: नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी. त्या त्याने उलगडल्या, आठही तारा एका ओळीत लावून प्लगमध्ये सरकवल्या आणि पक्कडीने दाबल्या. मग मला भिंतीच्या कडेकडेने मागच्या खोलीत नेऊन कॉम्प्युटरच्या पाठीत खोचलं. प्लगशेजारचा इवलासा दिवा हिरवा लागला आणि माझा संसार सुरू झाला.

घरात माणसं दोनच, मावशी आणि तिची भाची. मावशीने तीस वर्षं नदीकाठच्या रंगाच्या कारखान्यात कापड रंगवलं. तिची धाकटी बहीण, म्हणजे भाचीची आई, तिथेच कामाला होती. भाची दोन वर्षांची असताना ती गेली आणि मावशीने पोरीला पदरात घेतलं. आता भाची चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते. मावशी निवृत्त आहे, असं ती म्हणते. पण दिसेल त्या वस्तूवरची धूळ पुसत घरभर फिरते.

मावशीला एक वेड होतं. कारखान्याची यंत्रं सुरू होण्याआधी ती मागच्या पायऱ्यांवर बसायची आणि तासभर नदीचा आवाज रेकॉर्ड करायची. अशा दोन हजार सकाळी तिने साठवल्या, फाइल लहान करायला आवाज जराही न दाबता, जशाच्या तशा, म्हणून एकेक सकाळ भली अवजड. त्या ती एका न्यूजग्रुपवर टाकायची. न्यूजग्रुप म्हणजे जगभरच्या यंत्रांवर मिळून मांडलेला एक भला मोठा फळा. कुणीही यावं, काही डकवावं, दुसऱ्याने वाचावं नाहीतर उतरवून घ्यावं. वस्तू मोठी असली की तिचे हजारो तुकडे होतात आणि उतरवून घेणाऱ्याचं सॉफ्टवेअर ते गोळा करून पुन्हा जोडतं. मावशीच्या ग्रुपवर नुसते पाणी ऐकणारे लोक होते. कुणी झोपण्यापूर्वी तिची नदी ऐकायचं, कुणी आजारपणात. मावशीने घरी प्रती ठेवल्याच नाहीत. घरातलं हरवतं, तिथलं कुठे जातंय, असा तिचा हिशेब होता.

आणि एका बुधवारी कळलं की तिथलंही जाणार. इतकं जुनं जपून ठेवणारा एकच सर्व्हर उरला होता आणि तो शनिवारी दुपारी बारा वाजता बंद होणार होता.

मावशीने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग तिने भाचीला जे सांगितलं ते इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. रेकॉर्डिंग संपता संपता बहीण कधीतरी तिला बोलवायला पायऱ्यांवर यायची. काहीतरी बोलायची, तेही नदीबरोबर रेकॉर्ड व्हायचं आणि ते कापायचा मावशीला कंटाळा. कोणत्या सकाळी, ते तिला आठवत नव्हतं. एकदा असेल, चारदा असेल.

भाचीकडे आईचे फोटो होते, आवाज नव्हता. तिने दुकानात रजा सांगितली, सगळ्याच्या सगळ्या दोन हजार सकाळी उतरवायला लावल्या आणि पडद्यावरचा वेगाचा आकडा बघत बसली.

आकडा सेकंदाला अकरा मेगाबाइटवर येऊन थांबला. घरातली लाइन शंभराच्या पुढची, आणि हा अकराच्या वर जाईना. या वेगाने चार दिवसांहून जास्त लागणार होते आणि हातात होते तीन, तेही पुरते नाहीत.

मग भाचीने शोधाशोध सुरू केली. सॉफ्टवेअर सर्व्हरशी एका वेळी आठ जोडण्या करत होतं, तिने वीस केल्या. अकरा. पन्नास केल्या, तर सर्व्हरनेच नकार कळवला. तिने सर्व्हरचा दुसरा पोर्ट, म्हणजे आत शिरायचं दुसरं दार, लावून पाहिला. तुकडे जोडायचं काम मागाहून करायला सांगितलं, म्हणजे डिस्कला दम मिळेल. मोबाइलवर लाइन तपासली तर तिथे आकडा झोकात शंभर पार. मोबाइल बिचारा हवेतून घेतो, त्याचा माझ्याशी काय संबंध. भाचीने साहजिकच दोष सर्व्हरला दिला आणि फोन लावला. पलीकडच्या माणसाने आमच्याकडून सगळं ठीक आहे असं तीनदा सांगितलं आणि कॉम्प्युटर बंद करून चालू करायला सांगितलं. तिने केलाही. अकरा.

एवढं मात्र तिच्या ध्यानात आलं. सर्व्हर थकला असता तर आकडा वरखाली झाला असता. हा हलतच नव्हता.

मला सगळं माहीत होतं. दोष माझा होता. सहा वर्षांपूर्वी भाचीच्या अभ्यासाच्या टेबलाला जागा करायची म्हणून मावशीने एकटीने कपाट सरकवलं आणि त्याचा एक पाय माझ्यावर आला. आत माझी एक तपकिरी तार तुटली. आठातली एक गेली की दोन्ही टोकांची यंत्रं आपसात समजुतीने घेतात आणि चारच तारांवर, दहापट संथ चालतात. पत्रं वाचायला, बातम्या बघायला तेवढं पुष्कळ होतं. कुणाला काही जाणवलं नाही. मीही ते अंगवळणी पाडून घेतलं.

खरं सांगू, त्या संथपणात मला सुख होतं. नदी माझ्यातून तुकड्यातुकड्यांनी जात होती. एका सकाळचा तुकडा, मागून दुसऱ्याच सकाळचा, कुठलं पाणी कुठल्या ऋतूचं काही कळायचं नाही. डोळे असते तर मिटून घेतले असते. मग मध्येच जाग यायची की यातल्या कितीतरी सकाळी माझ्यामुळे बुडणार आहेत. मी सापडायला हवी होते, आणि सापडले की माझं संपलंच, हेही मला कळत होतं. यातलं काय व्हावं असं मला वाटत होतं, विचारू नका.

शुक्रवारी सकाळी भाची कपाळाला हात लावून बसली होती. मावशी नेहमीप्रमाणे फडकं घेऊन कॉम्प्युटरच्या मागे शिरली.

"या दिव्याचा रंग अगदीच उतरला गं," ती आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली.

"कुठल्या?"

"हा वायरीजवळचा. पूर्वी छान हिरवा होता. कपाट हलवलं त्या सुमारास पिवळट झाला. हिरव्यात दोन रंग असतात, एक आधी उडतो. मी म्हटलं, जुना झाला असेल."

तीस वर्षं रंगात हात घालणाऱ्या बाईला दुसरं काय वाटणार. खरं तर तो दिवा वेग सांगतो: आठही तारा चालल्या तर हिरवा, संथ चाललं की पिवळा. ती रोज त्या दिव्यावरची धूळ पुसत होती आणि रोज तिला तो दिसत होता. दिवसभर भिंगं घासणाऱ्या भाचीने मात्र तिकडे कधी पाहिलंच नव्हतं.

भाची खाली बसली. माझ्यावर बोट टेकवून हळूहळू सरकत कपाटापर्यंत आली. दोघींनी मिळून कपाट उचललं. माझ्या अंगावर अंगठ्याएवढा खळगा पडला होता.

"हे माझंच काम," मावशी म्हणाली. तिचा चेहरा उतरला.

"माझ्या टेबलासाठीच ना सरकवलंस," भाची म्हणाली आणि चपला घालून धावली. कोपऱ्यावरच्या दुकानातून एक नवी पिवळी केबल आली. मला उपटलं, तिला खोचलं. दिवा हिरवा झाला. आकडा अकरावरून चाळीस, चाळीसवरून नव्वद आणि मग शंभराच्या आसपास रेंगाळला. मावशी आकड्याकडे नाही, दिव्याकडेच बघत होती. संध्याकाळच्या आत सगळं उतरलं. सतरा सकाळी तुकडे हरवल्यामुळे फाटक्या निघाल्या, त्याला इलाज नव्हता.

मी फेकली जाईन असं वाटलं होतं. पण मावशीने मला खिडकीपाशी दोन खिळ्यांना ताणून बांधलं. तिने पुन्हा हौसेने कापडाचे तुकडे रंगवायला घेतलेत, ते माझ्यावर वाळतात. रंगाचे थेंब अंगावर पडतात. आता मला कुणी काही विचारत नाही, मी कुणाला अडवत नाही. तुमच्याकडे कधी आकडा असा एका जागी अडून बसला, तर सर्व्हरला बोल लावण्यापूर्वी जरा खाली वाकून बघा. कपाटाखाली कुणीतरी असेल, जिला सांगायचं आहे आणि सांगता येत नाही.

भाची रोज दुपारी एकेका सकाळचा शेवट लावते. नदी मी पहिल्यांदाच सलग ऐकतेय. इतकं पाणी माझ्यातून गेलं, पण ते असं वाजतं हे मला ठाऊक नव्हतं.

परवा पाण्याच्या आवाजात पावलं वाजली. भाचीने फाइल कधी उतरली ते पाहिलं. शुक्रवार, दुपारी अडीच. म्हणजे पिवळीतून आलेली. मी तिथेच राहिले असते तर ही सकाळ आलीच नसती. मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.

पावलं पायऱ्यांवर थांबली. एक तरुण बाई अगदी खालच्या आवाजात बोलली.

"ताई, चल. हळू ऊठ गं, हिचा आत्ताच डोळा लागलाय."

आणि मग नदी, आणि नदीत मिसळलेला एका लहान मुलाचा संथ श्वास.

मावशी ओलं कापड झटकायला हात उचलत होती, तिने तो तसाच खाली घेतला. भाची दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली, जराही आवाज न करता, कुणाची तरी झोप मोडेल म्हणून.