सोमवारची बैठक

कॉलेजच्या मुलींसाठीच्या तक्रार समितीत बाहेरची एक बाई लागते. लातूरच्या आमच्या कॉलेजात प्राचार्य हणमंतरावांनी ती जागा मला दिली, कारण मी महिला मंडळ चालवते आणि हळू बोलते. शिवाय सोमवारी दिवेलागणीपर्यंत मी बोलतच नाही, हे साऱ्या गल्लीला ठाऊक.

समितीचं काम जोरात होतं. जागृती सप्ताहात रांगोळ्या झाल्या, फीत कापली, पाहुण्यांनी तासभर मुलींना ओढणी कशी घ्यावी ते सांगितलं. मुलांना तेवढा वेळ क्रिकेटला सोडलं होतं. बरोबरच आहे, त्यांचा काय संबंध.

मग जवळच्या मुरुडहून येणाऱ्या अक्षरानं खरीच तक्रार केली आणि सगळ्यांची पंचाईत झाली. वर्गातल्या नरसिंगशी तिची मैत्री होती. तिनं ती तोडली, तर त्यानं बसस्टँडवर तिचा हात पिरगाळला. परत आली नाहीस तर दोघांचे फोटो तुझ्या बापाला पाठवतो, म्हणाला. तिचं मागणं एवढंच, की त्याला लांब ठेवा, मला शेवटचं वर्ष पुरं करू द्या.

बैठक ठेवली सोमवारी. मी समजले.

टेबलावर पेढ्यांचा पुडा, शेजारी तबकात बेल-भंडारा. नरसिंगनं तो उचलून शपथ घ्यायची, अक्षराला बहीण मानायचं, की झालं. त्याचे काका संस्थेत सदस्य. समितीत नसूनही ते खुर्चीवर होते आणि आधीच पेढा खात होते. देवापुढं मिटतंय तर चौकशी कशाला, असं प्राचार्यांचं म्हणणं. देवाचं त्यांना फार.

अध्यक्ष उज्वला मॅडमनी, मान्य आहे ना, असं अक्षराकडे न बघताच विचारलं.

"मला न्हाई बहीण व्हायचं," अक्षरा खाली बघून म्हणाली. "मला वर्गात बसायचंय."

तिचं कुणी ऐकलं नाही. हणमंतराव माझ्याकडे बघून हसले. "सत्यशीलाताईंची तर काही हरकत न्हाई. त्यांचं आज मौन हाय."

नरसिंगनं तबकाकडे हात नेला. पिरगाळणारा हातही तोच असणार.

"ठेव खाली," मी म्हणाले.

उज्वला मॅडमचा पेढा हातातच राहिला. आवाज मी चढवला नाही, मला तो चढवता येत नाही. मुलीनं स्वतः मागितल्याशिवाय समझोता होत नाही, असा नियम आहे, म्हटलं. चौकशी आज सुरू करा, ती होईस्तोवर याला वर्गाबाहेर ठेवा. नाहीतर, अक्षराची तयारी असेल तर, मी तिला घेऊन पोलीस ठाण्यात जाते. "हाव, जाऊ," अक्षरा लगेच म्हणाली.

"ताई, मौन मोडलं की तुमचं," काका म्हणाले. "पाप लागंल."

"माझा देव मी बघून घेईन. तुम्ही तुमचा पुतण्या बघा."

ठाण्याचं नाव काढल्यावर नियम सगळ्यांनाच आठवले. दुपारी नरसिंगला वर्गबंदी झाली. मंगळवारी अक्षरा मुरुडच्या गाडीनं आली आणि पहिल्या बाकावर बसली.

मोडलेल्या सोमवारापायी मी एक सोमवार जास्तीचा धरला. हणमंतरावांनी पुढच्या बैठकांचा वार तेवढा बदलला. त्यांची सुधारणा म्हणायची ती एवढीच.