करंड्यातल्या सात गोळ्या

मित्रांनो, मी एक जुना पितळी करंडा आहे. करंडा म्हणजे कुंकवाची डबी. पण माझ्या पोटात आठ वर्षं कुंकू नव्हतं. काय होतं, तेच सांगतो.

राजपुऱ्यातल्या एका कासाराने मला घडवलं आणि धुरपदाच्या आईने तिच्या रुखवतात मांडलं. निंबोल्याला सासरी आल्यावर धुरपदा मला चिंचेने घासून असा लखलखीत करी, की हळदीकुंकवाला आलेल्या बायका "कुठून घेतला गं?" म्हणून विचारायच्या. मी फुगून जायचो!

मग तिचे यजमान गिरधर आजारी पडले. अंगात काही उरलं नव्हतं तेव्हा दवाखाना गाठला. एचआयव्ही निघाला, गोळ्या सुरू झाल्या आणि पंधराव्या दिवशी ते गेले. धुरपदाचं कपाळ पुसलं गेलं, मी ट्रंकेच्या तळाशी गेलो. फार वाईट वाटलं हो मला.

तिचीही तपासणी झाली, तोच आजार. दवाखान्यातल्या सुनंदाताई, जाऊ मालूबाई मळ्यात गेल्याचं बघून, घरी आल्या.

"आता वाट बघायची नाही. आजच गोळ्या सुरू करा."

"मले काय झालं, ताई? खाते-पिते, कापूस वेचते. तेयच्या गोळ्या चालू झाल्या अन् पंधरा दिवसांत खेल खतम. माह्या कोकिळाले कोन पाहीन?"

"ते गोळ्यांनी नाही गेले, धुरपदाबाई. उशिरा सुरू केल्या म्हणून गेले."

सुनंदाताईंनी दिलेली गोळ्यांची बाटली ट्रंकेत माझ्याशेजारी तशीच बंद पडून राहिली. कोकिळा तेव्हा पाचवीत होती. आईसुद्धा गेली तर या पोरीचं काय, म्हणून माझा जीव टांगणीला लागला.

एके सकाळी ओसरीवर दीर उखर्डू केळीवरच्या करपा रोगाची दवा कालवत होते. कोकिळाने विचारलं, "काका, पानं तं हिरवीगार हायेत. मंग दवा काहून?"

"पान पिवळं पडल्यावर फवारून काय फायदा, बेटा?"

धुरपदा आत उभी होती. थोड्या वेळाने ट्रंक उघडली. बाटली काढून तिने झाकण फिरवलं.

जाऊबाईंना कळू नये म्हणून आठवड्याच्या सात गोळ्या ती माझ्यात ठेवू लागली आणि तिने मला भिंतीतल्या देवळीत नेऊन ठेवलं. विधवेचा करंडा कोण उघडतंय! गोळ्या खुळखुळू नयेत म्हणून वर कापूस. पहिल्या गोळ्यांना माझ्या तळाचं जुनं कुंकू लागलं. त्या पुसून गिळल्या तिने. एक दिवस चुकवला नाही. तो कापूसही कधी मळला नाही, पण त्याचं तिला नवल वाटलं नाही.

परवा कोकिळाला हळद लागली. कुंकू लावायला मालूबाई शेजारच्या सवाशिणीला बोलवू लागल्या, तर पोरगी म्हणाली, "आईच लावीन. अन् तिच्याच करंड्यातलं."

धुरपदाने मला उघडलं, सर्वांदेखत गोळ्या वाटीत काढल्या आणि म्हणाली, "ह्या माह्या गोळ्या. एचआयव्हीच्या. आठ वर्सं यायच्याच भरोशावर उभी हाय."

मालूबाईंनी ती वाटी उचलून फडताळात, मिठाच्या बरणीशेजारी ठेवली.

"मले मालूम होतं, आई," कोकिळा म्हणाली. "कापूस मीच बदलत होती."

तिने माझ्यात ताजं कुंकू ओतलं आणि धुरपदाचं बोट माझ्यात बुडालं. मग ते लेकीच्या कपाळावर टेकलं.

मित्रांनो, मला अधूनमधून चिंचेने घासा, एवढंच मागणं. आणि घरात कुणाच्या गोळ्या असतील, तर त्यांना मिठाशेजारी जागा द्या. माझ्यात कुंकूच बरं दिसतं.