राहते की जाते?

माणसाला राहत्या घरातून उठवायला कोर्टकचेरी लागतेच असं नाही. एक दीर्घ 'ई' पुरते! पटत नसेल तर अमेरिकेत, ओमाहातल्या आमच्या इमारतीत काय झालं ते ऐका.

तिसऱ्या मजल्यावर युफेमिया राहते. मूळची मेक्सिकोची, बेकरीत कामाला. भाड्याचा करार संपत आला तेव्हा इमारतीची मॅनेजर डोरीन हिने तिला जिन्यातच विचारलं, "पुढे काय ठरलं?" युफेमिया म्हणाली, "आय वाँट टू लीव्ह हिअर." तिला म्हणायचं होतं 'लिव्ह', म्हणजे इथेच राहायचंय. पण तिच्या स्पॅनिशमध्ये ऱ्हस्व-दीर्घाची भानगडच नाही. डोरीनने ऐकलं 'लीव्ह', म्हणजे जायचंय.

शनिवारी सकाळी डोरीन एका जोडप्याला घेऊन दारात हजर!

"ही बेडरूम. ऊन छान येतं."

"हे कोण?" युफेमिया तव्यावरची तोर्तिया टाकून धावत आली.

"नवे भाडेकरू. तूच म्हणालीस ना, जायचंय?"

"कधी? मी म्हटलं लीव्ह! लीव्ह!"

"तेच तर!" डोरीनने कपाळाला हात लावला. "जायचंय, जायचंय म्हणून ओरडतेस आणि वर माझ्याशीच भांडतेस?"

"माझ्या पोरीची शाळा इथे आहे. मी कुठे जाऊ?" युफेमियाला रडूच फुटलं.

गलका ऐकून समोरच्या मिसेस वॉस आल्या. जन्मभर पहिलीच्या मुलांना वाचायला शिकवलेली बाई. त्यांना घोटाळा लगेच कळला.

"युफेमिया, जायचं असेल तर ओठ ताण, हसल्यासारखे. लीव्ह. राहायचं असेल तर ओठ सैल सोड आणि चटकन आटप. लिव्ह."

"म्हणजे जाताना हसायचं आणि राहताना नाही? काय मेली भाषा ही!"

"भाषा वेडी आहेच. पण डोरीन, राहणार की जाणार, एवढं पुन्हा विचारायला तुझं काय जात होतं?"

"मी का विचारू? इतकी वर्षं झाली, हिला नीट बोलायला काय होतं?"

युफेमियाने डोळे पुसले. "मिस डोरीन, माझ्या कुत्र्याला रोज स्पॅनिशमध्ये हाक मारता ना? मारा बरं."

"पेरो! ये, पेरो!"

कुत्रा शेपटी हलवत आला.

"कुत्रा म्हणजे 'पेर्रो'. 'र' घोळवायचा. 'पेरो' म्हणजे 'पण'. इतकी वर्षं तुम्ही त्याला 'ए पण, ये पण' म्हणताय! तरी तो येतो. तुम्हाला काय म्हणायचंय ते त्याला कळतं."

डोरीन लालबुंद झाली. मग त्या जोडप्याकडे वळून म्हणाली, "माफ करा, ही जागा रिकामी नाही. चूक माझी." आणि युफेमियाचा हात धरून तिने विचारलं, "राहणार ना गं?"

मंडळी, ऱ्हस्व-दीर्घ शिकायलाच हवं; युफेमिया आता आरशासमोर बसून घोकते आहे. पण परक्या भाषेत बोलणारं माणूस अर्धी वाट चालून आलेलं असतं. उरलेली अर्धी ऐकणाऱ्याने चालावी. ती फार लांब नसते हो. 'पुन्हा एकदा सांग बाई' एवढीच असते!