न वाजलेली पेन्सिल

बाबांनी चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. लग्नाची पत्रिका असो की औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, चूक दिसली की त्यांचा हात शिवशिवायचा. आई म्हणायची, एक दिवस हे देवाच्या पुस्तकातही चुका काढतील.

दुपारची जेवणं झाली की बायबल वाचायचं, तेही छापखान्याच्या रीतीने. लेकीने आपल्या प्रतीतून मोठ्याने वाचायचं, बाबांनी त्यांच्या प्रतीत पेन्सिलीच्या टोकाने ओळ धरायची. शब्द चुकला की ते ‘मागे’ म्हणत. घशाच्या कर्करोगाने आवाज नेला, तेव्हापासून पेन्सिल टेबलावर वाजू लागली. साधा ‘आणि’ सुटला तरी सुटका नसे.

ते जायच्या आठ दिवस आधी तिने मुद्दाम एक ओळ गाळली. स्तोत्रातली, खचलेल्यांच्या जवळ देव असतो, अशा अर्थाची. समोर बाबा, नाकात नळी, हाडांवर नुसती कातडी. तिची जीभ रेटेना. पुढची ओळ वाचून ती थांबली. पेन्सिल वाजली नाही. वाचन संपल्यावर मात्र बाबांनी आपली प्रत परत दिली नाही, संध्याकाळपर्यंत छातीशी धरून ठेवली.

ते गेले, तरी त्या न वाजलेल्या पेन्सिलीने तिचा पिच्छा सोडला नाही. त्यांचं लक्ष नव्हतं, की त्यांनीही आशा सोडली होती? भेटायला येणारे म्हणत, देव त्यांच्या उशाशी होता. ती मान डोलवायची. तिच्या लेखी देव म्हणजे ती टकटकच होती. ओळ न ओळ कुणीतरी ऐकतंय, याची खूण.

तिसऱ्या आठवड्यात आई म्हणाली, “त्यांची प्रत उघड तरी. किती दिवस नुसती पुसून ठेवणार?”

“उघडून काय होणार आहे?”

“काही नाही. झालं त्याहून वाईट तर होणार नाही ना?”

तिने ते पान काढलं. त्या ओळीवर आडवी काट होती. रेघ सरळ, ठाम. हात धड होता तेव्हाची, रोग कळला त्या सुमाराची असावी. म्हणजे बाबांच्या प्रतीत ती ओळ उरलीच नव्हती. पेन्सिल वाजणार कशी? वर्षभर रोज समोर बसून ते ऐकत होते, आणि तिला पत्ता नव्हता.

“बाबांनी खोडलीय,” ती म्हणाली.

आईने चष्मा लावला. “आणि खाली ही टिंबं कसली?”

टिंबं तिला दिसलीच नव्हती. काट मारलेल्या मजकुराखाली टिंबं दिली की काट रद्द, मजकूर तसाच ठेवायचा. लहानपणापासून तिला हे पाठ होतं. टिंबं फिकट, वेडीवाकडी, एक तर घसरून खालच्या ओळीत गेलेलं. हा हात शेवटच्या आठवड्यातला. तिने आईला टिंबांचा अर्थ सांगितला.

“म्हणजे पटलं होतं का गं त्यांना?”

“माहीत नाही, आई.”

बाबांची प्रत आईपुढे सरकवून तिने स्वतःची उघडली आणि ते स्तोत्र पहिल्यापासून वाचायला घेतलं. ती ओळ आली. तिने ती पूर्ण वाचली, दुसऱ्याचा मजकूर वाचावा तशी, आणि पूर्णविरामापाशी थांबली.

टकटक झाली नाही. चूक नव्हती, म्हणून असेल. नाहीतर ऐकणारं कुणी नव्हतं, म्हणून. दोन्ही शांतता ऐकायला सारख्याच होत्या.

ती पुढची ओळ वाचू लागली.