पान एकशे अठरा

"पोथी हातात घेतलीस तर संपवल्याशिवाय खाली ठेवू नको. अर्धी सोडलेली पोथी घरात रुसून बसते."

लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात जानकीसासूबाईंनी मला हे सांगितलं होतं. त्या पोथीपुरतंच बोलल्या असतील. मी ते सगळ्याच छापील कागदाला लावून घेतलं, आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

गोव्यातल्या आमच्या भागात 'पेडणे-डिचोली इतिहास, ग्रंथ व भाषाप्रेमी मंडळ' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. सभासद दोनशे अकरा. धारगळला माझ्या शेजारी राहणाऱ्या विनोदिनीने मला त्यात घातलं. सकाळी तुळशीला पाणी घालून, अध्याय वाचून मी फोन उघडते, तोवर रात्रीची भाषेची लढाई उरकलेली असते. कोकणीच्या बाजूचे लांबलचक निषेध मराठीत लिहितात, कारण शाळेत तेच लिहायला शिकले. मराठीच्या बाजूचे शिव्या कोकणीत देतात, कारण तोंडात त्याच येतात. मग कोणीतरी किल्ल्याचा फोटो टाकतो आणि सगळे मिळून हात जोडतात.

यंदा अ‍ॅडमिन साईशने मोठं काम काढलं. धाकू मास्तरांनी इब्रामपूरच्या इतिहासाचं पुस्तक लिहिलं होतं. गोवा घटकराज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी, अठ्ठ्याऐंशी साली, ते छापलं गेलं. आता तीस मेला, घटकराज्यदिनी, मास्तरांच्या जुन्या हस्तलिखितावरून त्याची दुसरी आवृत्ती काढायची, सत्याऐंशी वर्षांच्या मास्तरांना शाल द्यायची. त्याआधी जुनी एकुलती एक प्रत घरोघरी फिरवायची. प्रत्येकाने चार दिवस ठेवून, वाचून, पुस्तकासोबत फोटो काढून अभिप्राय टाकायचा.

अभिप्राय असे आले की माझं मन भरून आलं. एकाने लिहिलं, "शेवटच्या प्रकरणाने डोळे पाणावले." दुसऱ्याने, "पान ११८ वरच्या मजकुराचा जाहीर निषेध." तिसऱ्याने त्या निषेधाचा निषेध केला. ते भांडण तीन दिवस चाललं आणि चार सभासद ग्रुप सोडून गेले.

एकोणिसावं घर माझं. पुस्तक आलं, मी ते देवापुढे ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि उघडलं. सोळाव्या पानापुढे ते उघडेना. छापखान्याने कडा कापल्याच नव्हत्या. दर दोन पानं वर जोडलेली, आत बंद. पहिली सोळा पानं तेवढी कोणीतरी कापली होती. त्यांत प्रस्तावना, आभार आणि आशीर्वाद. एकशे अठरावं पान तर जन्मल्यापासून मिटलेलं होतं.

मी विनोदिनीला हाक मारली. "अगो, हे बघ."

तिने बघितलं. "पण मी तर अभिप्राय दिला!"

"काय लिहिलंस?"

"ओघवती भाषा, असं."

"मग?"

"मग काय? ओघवती नसेल असं कोण म्हणतं?" असं म्हणून ती घाईघाईने आपल्या घरी गेली.

मी नारळाच्या सुरीने एकेक घडी कापली आणि पारायणासारखं सात दिवसांत मोठ्याने वाचून पुस्तक संपवलं. तीन दिवस उशीर झाला म्हणून साईशने ग्रुपवर मला "कृपया नियम पाळा" लिहिलं. चुकलं होतंच, मी क्षमा मागितली.

पण एक गोष्ट मनात खुपत राहिली. सहाव्या पानावर मास्तर लिहितात, सातव्या वर्षी ओसरीवर वाळूत बोट फिरवत अक्षर शिकलो. एकशे अठराव्या पानावर म्हणतात, वाड्यावरची, म्हणजे त्यांच्या वस्तीतली, पहिली शाळा भाटकारांनी, म्हणजे तिथल्या जमीनदारांनी काढली. आणि साल देतात, तेव्हा मास्तर पंधरा वर्षांचे. मग ओसरी कोणाची?

सोमवारचा उपास होता, तरी बस धरून इब्रामपूरला गेले. मास्तरांची दृष्टी गेलेली. खुर्चीत बसून होते. मी विचारलं, "मास्तर, पहिली शाळा तुमच्या पंधराव्या वर्षी, तर सातव्या वर्षी तुम्हाला कोणी शिकवलं?"

त्यांनी सुनेला हाक मारली, "गो पूजा, चाय ठेव! वाचक गावलो!"

"मी आज उपाशी—"

"चाय उपासाक चलता. बस. एकतीस वर्सां हो प्रश्न कोणी विचारीत म्हणून बसलंय."

ओसरी शेवंतीची होती, मास्तर सांगू लागले. विधवा बाई, मजुरीला जायची. कुठून अक्षर शिकली कोणाला ठाऊक. संध्याकाळी पोरांना गोळा करून वाळूत शिकवायची. नंतर भाटकारांनी तिच्याकडची मुलं नेऊन शाळा काढली. पुस्तक छापायला कागद भाटकारांच्या घरातून आला, म्हणून मास्तरांनी तिचं नाव गाळलं.

"लिवताना कायच खुपलां नाय," ते म्हणाले. "आता खुपता. ता एक पान बदला बाय. माझ्या डोळ्यांदेखत म्हणायची सोय नाय, पण माझ्या कानांदेखत बदला."

"बदलू," मी म्हटलं. शब्द तोंडातून गेला.

त्याच दिवशी साईशला फोन केला. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं.

"वहिनी, पुस्तक छापून झालं. दोनशे प्रती. आणि भाटकारांचे नातू विशालबाब प्रमुख पाहुणे आहेत. आता शेवंती कुठे बसवू?"

"एकशे अठराव्या पानावर."

"ते पान वाचणार कोण, वहिनी?" तो अगदी प्रेमाने म्हणाला. "या वेळी कडा कापून घेतल्यात, तरीसुद्धा सांगतो."

"बरं," मी म्हटलं. मला मोठ्याने भांडता येत नाही.

मी रोज वहीत रामनाम लिहिते. कार्यक्रमाआधीच्या आठ दिवसांत देवाची क्षमा मागून ते अकरा वेळांवर आणलं आणि उरलेल्या वेळात चिठ्ठ्या लिहिल्या, दिवसाला पंचवीस. "पान ११८, दुरुस्ती: वाड्यावरची पहिली शाळा शेवंतीबाईंच्या ओसरीवर भरत असे. सदर लेखकाने तेथेच अक्षर गिरवले. हे नाव पहिल्या आवृत्तीत लेखकाने जाणून गाळले." मजकूर मास्तरांनी फोनवर सांगितला. 'जाणून' हा शब्द मी दोनदा विचारून घेतला. दोन्ही वेळा ते म्हणाले, "तोच."

तीस मेला कार्यक्रम दहाला होता. ग्रुपवर सकाळपासून शुभेच्छांचा पाऊस, तोही कोणत्या भाषेत असावा यावर मतभेद. विनोदिनीने दारातून विचारलं, "इतक्या लवकर खंय गो? सभागृह उघडलं तरी असेल?"

"पुस्तकांचे गठ्ठे आठला येतात," मी म्हटलं. "त्यातली पानं उघडून घ्यायची आहेत."

तिने माझ्या पिशवीतल्या चिठ्ठ्या आणि डिंकाची बाटली बघितली. मग म्हणाली, "थांब, चप्पल घालते."

मी दाराला कडी लावली आणि आम्ही दोघी रस्त्याला लागलो.